'हॅक झालं' म्हणजे नेमकं काय झालं?

मागच्या पावसाळ्यात मामाचा फोन आला. "अगं, माझं अकाउंट हॅक झालं." 48 हजार गेले होते. हळूहळू बाकीचं कळलं. वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडणार, असा मेसेज आला होता. मामाने घाबरून त्यातल्या नंबरवर फोन केला. समोरच्याने अगदी अदबीने बोलत त्याला एक ॲप टाकायला लावलं. त्या ॲपमुळे मामाची स्क्रीन त्या माणसाला दिसत होती आणि स्क्रीनवर आलेला ओटीपीसुद्धा.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, त्यामुळे माझं पहिलं वाक्य काय असावं? "मामा, याला हॅक होणं म्हणत नाहीत. तू स्वतः ॲप टाकलंस." तो गप्प झाला.

आमच्या धंद्यात हा रोग आहे. कुणी चोराला हॅकर म्हटलं की आम्ही बाह्या सरसावतो आणि एक ठरलेली गोष्ट सांगतो. ती अशी: 'हॅक' म्हणजे मुळात तोडणं, कुऱ्हाडीने सपासप छाटणं. मग अमेरिकेतल्या एमआयटीत मॉडेल रेल्वेचा एक क्लब होता, तिथल्या पोरांनी हे क्रियापद वायरिंगशी खेळण्यासाठी वापरायला सुरुवात केली. क्लबच्या एप्रिल 1955च्या इतिवृत्तात नोंद आहे की विजेच्या यंत्रणेवर काम करणाऱ्याने किंवा 'हॅक' करणाऱ्याने आधी वीज बंद करावी, म्हणजे फ्यूज उडणार नाहीत. तिथून तो शब्द कॉम्प्युटरवर आला, आणि हुशारीने केलेल्या खोड्यांनाही लागला. 1994मध्ये एमआयटीच्या मोठ्या घुमटावर एका सकाळी पोलिसांची गाडी उभी दिसली, आत पुतळ्याचा पोलीस आणि डोनटचा खोका. त्यालाही तिथे 'हॅक'च म्हणतात. मग 1983 उजाडलं. 'वॉरगेम्स' हा सिनेमा आला, त्याच वर्षी मिलवॉकीतल्या काही पोरांनी लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेसकट अनेकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून दाखवलं, आणि पत्रकारांनी आमचा चांगला शब्द बाटवला. पुढच्याच वर्षी स्टीव्हन लेव्ही यांनी 'हॅकर्स' या पुस्तकात त्या जुन्या पोरांना नायक करून ठेवलं. मी हे पुस्तक इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला वाचलं आणि पुढची काही वर्षं अत्यंत कंटाळवाणी मुलगी होते.

ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण पुरती खरी नाही. एमआयटीच्याच विद्यार्थी वृत्तपत्रात नोव्हेंबर 1963मध्ये 'हॅकर' भेटतात ते टेलिफोनवाले. ते हार्वर्डकडे जाणाऱ्या लाइनी अडवून ठेवत होते, आणि त्यांच्यामुळे सगळ्यांच्याच फोनच्या सोयींवर बंधनं आली होती. म्हणजे सिनेमाच्या वीस वर्षं आधी, शब्दाच्या माहेरीच, त्याला उपद्रवाचा वास होता. सोवळं कधी नव्हतंच. बाटवलं कुणी, हा प्रश्नच फिजूल आहे.

मला जास्त रस आहे तो हा शब्द मराठीत आल्यावर काय झालं यात. इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ त्याच्यामागून येणाऱ्या छोट्या शब्दांवर टांगलेला असतो. 'हॅक ऑन' म्हणजे एखाद्या गोष्टीवर मन लावून काम करणं. 'हॅक टुगेदर' म्हणजे घाईत काहीतरी जोडून उभं करणं, आपलं जुगाड. 'हॅक इन्टू' म्हणजे घुसणं. 'कान्ट हॅक इट' म्हणजे झेपत नाही. मराठीत येताना ही शेपटं गळाली. आपण परक्या क्रियापदाला नाम करतो आणि मागे 'करणे' किंवा 'होणे' लावतो. 'हॅक करणे'मध्ये उरलं ते फक्त घुसणं. लाइफ हॅक वगैरे आलं ते वेगळ्या दाराने, नाम म्हणूनच, लिंबाच्या सालीने सिंक घासायच्या रील्समधून.

आणि 'होणे' लावलं की कर्ताच गायब. पाऊस झाला, उशीर झाला, हॅक झालं. कुणी केलं ते नाही, कुणामुळे ते नाही. मला वाटायचं की मामा या 'झालं'च्या आड लपतोय.

कायद्यालाही हा शब्द पेललेला नाही. आपल्या 2000च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 66 हॅकिंगचं होतं. नुकसान करण्याच्या हेतूने कॉम्प्युटरमधली माहिती पुसली, बदलली, तिचं मोल कमी केलं, की ते हॅकिंग; शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्या व्याख्येत घुसण्याचा उल्लेखच नव्हता! 2008च्या दुरुस्तीने हॅकिंग हा शब्दच त्या कलमातून काढला आणि 'संगणकाशी संबंधित गुन्हे' असं रुक्ष शीर्षक घातलं.

मग केव्हिन मिटनिक आठवला. 1995मध्ये पकडला गेलेला, तेव्हाचा अमेरिकेतला सर्वांत गाजलेला हॅकर. 2002च्या पुस्तकात आणि त्याआधी सिनेटसमोरही तो सांगत होता की त्याचं मोठं हत्यार फोन होतं. आपण कंपनीतलेच आहोत असं भासवून तो लोकांकडून हवं ते काढून घ्यायचा. त्याला हॅकर म्हणायला आमच्यापैकी कुणाची हरकत नसते, उलट त्याचे किस्से आम्ही चवीने सांगतो. मग मामाच्या वेळी माझी व्याख्या एवढी कडक का झाली? फसवणारा कर्तबगार असला तर हॅक, आणि फसलेला आपला मामा असला तर 'तू स्वतः'? मामाने शब्द बरोबर वापरला होता. चूक मी होते.

हे भाषेपुरतंच राहिलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण बँकेचा तक्रारीचा फॉर्म मीच भरला. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुठेतरी गडबड आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर बोजा येत नाही. पण त्याने निष्काळजीपणे गोपनीय माहिती दिली असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. फॉर्मवर प्रश्न होता: ओटीपी कुणाला दिला होता का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

मामा फोनवर म्हणत होता, "मी कुणालाच सांगितला नाही गं." ते खरं होतं. त्याने सांगितला नव्हता, तो दिसला होता. 'दिसला' असा चौकोन नव्हता. मी 'हो'वर टिक केली, कारण तेव्हा मला तेच तांत्रिकदृष्ट्या अचूक वाटलं.

अर्ज फेटाळला गेला. नाहीवर टिक केली असती तर पैसे मिळाले असते का, कुणास ठाऊक, बहुधा नाही. त्या टिकेबद्दल मामाला मी अजून सांगितलेलं नाही. दिवाळीत तो शेजाऱ्यांना सगळा किस्सा रंगवून सांगत होता. "हॅक झालं हो माझं," म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून क्षणभर थांबला, मी काही बोलतेय का म्हणून. मी चकली खात होते.