जोतीरावांनी करार कुठे ठेवला?

मागच्या व्याख्यानात हॉब्ज, लॉक आणि रूसो असे तिघंही आपण एका बैठकीत उरकले, आणि शेवटी एका ताईंनी विचारलं होतं की हे सगळं आपल्याकडे कोणी वाचलं का? वाचलं. आणि नुसतं वाचलं नाही, त्यातलं काय घ्यायचं नि काय सोडायचं हे ठरवूनही टाकलं. आज त्या वाचकाबद्दल बोलायचं आहे. जोतीराव फुले. आणि मुख्यतः त्यांच्या शेवटच्या पुस्तकाबद्दल, ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेला, पुढचं लेखन डाव्या हाताने झालं, आणि पुस्तक छापून आलं १८९१ मध्ये, जोतीराव गेल्यानंतर.

पहिल्यांदा सामाजिक कराराची थोडी उजळणी. लॉकचं म्हणणं असं की माणूस जन्मतः मोकळा आणि समान. जीव, स्वातंत्र्य, मालमत्ता यांवर त्याचा हक्क सरकारच्या आधीपासूनचा. हे हक्क नीट राखले जावेत म्हणून माणसं आपापसांत करार करतात आणि सरकार उभं करतात. सरकारने विश्वासघात केला तर ते बदलायचा अधिकार लोकांचा. १७७६ चा अमेरिकेचा जाहीरनामा याच पायावर उभा आहे.

आता अडचण लगेच दिसते. हा करार झाला कधी? तुम्ही सही केली होती का? यावर लॉकचं उत्तर आहे मूक संमतीचं. एखाद्या राज्यातल्या रस्त्यावरून माणूस मोकळेपणाने प्रवास करत असला तरी, तेवढ्या वेळापुरती, त्याने तिथल्या सरकारला संमती दिली असं तो म्हणतो. म्हणजे भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस पकडून तुम्ही मोरव्याला उतरलात, की झाली तुमची संमती. (हशा) हसू नका, हा गंभीर युक्तिवाद आहे आणि अजून वापरला जातो. पण याच पट्ट्यात राई, मुर्धा, मोरवा या गावांच्या जमिनीवर मेट्रो ९ ची कारशेड येणार होती, तेव्हा गावांनी उघड हरकत घेतली आणि पुढे ती जागा बदलून डोंगरीकडे नेली गेली. रस्ता वापरला म्हणजे होकार दिला, असं त्या वेळी इथे कोणाला पटलं असतं का?

तर जोतीरावांकडे येऊ. चरित्रकार सांगतात की १८४७ च्या सुमारास त्यांनी थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं. हे सगळेच सांगतात. त्या वाक्यानंतर मात्र बहुतेक लेख थांबतात, जणू पेन वाचला की माणूस आपोआप समतावादी होतो. पेनमधलं नेमकं काय इथे आलं, हे बघायला पाहिजे.

पेनमध्ये दोन गोष्टी आहेत. एक, निसर्गदत्त हक्क. दुसरी जरा रांगडी आहे. इंग्लंडचं राजघराणं सुरू कुठून झालं, तर विल्यम नावाच्या परक्या माणसाने हत्यारबंद टोळी घेऊन देश जिंकला तिथून, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. राज्यं करारातून निघाली ही गोष्ट शोभेची. प्रत्यक्षात बरीचशी लुटीतून निघाली. खरा करार सरकार आणि प्रजा यांच्यात होऊच शकत नाही, कारण सरकार आधी अस्तित्वातच नसतं. तो माणसामाणसांत होतो.

‘गुलामगिरी’ या खुणा धरून वाचा. १८७३ चं पुस्तक. त्यात करार कुठेही नाही. सुरुवातच स्वारीने होते, बाहेरून आलेले आर्य, बळीचं राज्य, वामन. आजचे इतिहासकार ही मांडणी जशीच्या तशी स्वीकारणार नाहीत, आणि इतिहास म्हणून ती स्वीकारावी असं मीही म्हणणार नाही. पण राज्यशास्त्र म्हणून तिचं काम वेगळं आहे. लॉक तुम्हाला सांगतो, तुमच्या पूर्वजांनी होकार दिला होता. जोतीराव सांगतात, तुमच्या पूर्वजांना विचारलंच नव्हतं. शूद्रातिशूद्रांसमोर उभं राहून यातली कुठली गोष्ट सांगायची, हा प्रश्न त्यांना पडलाही नसेल.

हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं, निग्रोंना गुलामीतून सोडवल्याबद्दल. अर्पणपत्रिका सगळ्यांना माहीत असते. इंग्रजी प्रस्तावना फार कमी लोक वाचतात. त्याच प्रस्तावनेत ते लिहितात की युरोपीय वसाहतवाल्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर जे अत्याचार केले, त्यांच्याच जोडीचे इथे आर्यांनी केले. म्हणजे ज्यांना पुस्तक अर्पण केलं, त्यांच्याच वाडवडिलांचा दाखला त्याच पुस्तकात जुलमाचा नमुना म्हणून दिला! भाबड्या कौतुकात हे होत नाही. गुलामी मोडणारी अमेरिका त्यांनी उचलली, जमीन बळकावणारी अमेरिका ओळखली. जमिनीत मेहनत मिसळली की ती आपली होते या लॉकच्या सिद्धांताने मूळ रहिवाशांची जमीन ‘पडीक’ ठरवायला हातभार लावला, हे विद्यापीठांतल्या पुस्तकांत बऱ्याच उशिरा आलं.

आता ‘सार्वजनिक सत्यधर्म’. यात सत्यवर्तन करणारे कोणाला म्हणावं, याचे नियम आहेत. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना स्वतंत्र आणि सर्व हक्कांचा उपभोग घ्यायला पात्र असं निर्माण केलं आहे; कोणी कोणावर जबरी करू नये; आपलं मत बोलण्याचं, लिहिण्याचं, प्रसिद्ध करण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना, मात्र त्यातून दुसऱ्याचं नुकसान होऊ नये. फ्रेंच क्रांतीच्या १७८९ च्या जाहीरनाम्याची १७ कलमं पेनने आपल्या पुस्तकात दिली आहेत. शेजारी ठेवून वाचलं की नातं उघड दिसतं. पण दोन फरक आहेत, आणि माझ्या मते पुस्तकाची सगळी थोरवी त्या दोन फरकांत आहे.

पहिला, ‘स्त्रीपुरुष’. फ्रेंच जाहीरनाम्यात ‘माणूस’ म्हणजे व्यवहारात पुरुषच होता. अमेरिकेच्या जाहीरनाम्यातही. जोतीराव जोडशब्द सोडत नाहीत. वाचताना कंटाळा येतो इतक्या वेळा तो येतो, आणि तो यायलाच पाहिजे होता.

दुसरा फरक गाळलेल्या गोष्टीचा. सार्वभौम सत्तेचं मूळ राष्ट्रात आहे, हे फ्रेंचांचं तिसरं कलम. जोतीराव ते घेत नाहीत. का? कारण याच पुस्तकात ते म्हणतात की या देशात ‘एकमय लोक’ अजून झालेलेच नाहीत. अमेरिकेची घटना ‘आम्ही लोक’ म्हणून सुरू होते, आणि त्याच घटनेत गुलाम माणूस जागावाटपाच्या मोजणीत तीन पंचमांश धरला होता. ‘आम्ही’ कोण हे न ठरवता ‘आम्ही’ लिहिता येतं, हा तिचा अनुभव. जोतीरावांनी ती सही करायचं नाकारलं. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत हाच धागा उचलला. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असं विचारताना त्यांनी अमेरिकेतल्या एका चर्चची गोष्ट सांगितली. तिथे प्रार्थनेत ‘राष्ट्र’ शब्द घालायचा प्रस्ताव आला होता, आणि तो फार मोठा दावा वाटला म्हणून काढावा लागला.

मग करार गेला कुठे? मला तो सापडतो लग्नाच्या मांडवात. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीशिवाय पहिलं लग्न लागलं. जोतीरावांनी रचलेली मंगलाष्टकं तिसरा कोणी वर-वधूंवर म्हणत नाही. ती दोघं एकमेकांना उद्देशून म्हणतात. वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल वराकडून वचन मागते, तो सगळ्यांसमोर ते देतो. बघा, करार म्हणून याला काय कमी आहे? दोन पक्ष आहेत, दोघं हजर आहेत, दोघं बोलतात, साक्षीदार आहेत. पेन म्हणाला होता करार माणसामाणसांत होतो. जोतीरावांनी तो खरोखर करून दाखवला. मूक संमतीची गरजच नाही. पुस्तकातलं ते प्रसिद्ध कुटुंबही याच घरचं आहे, बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी इस्लाम मानणारी, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका छपराखाली गोडीने.

इथवर कौतुक झालं. आता मला खटकतं ते.

ओतूरला असंच भटजीशिवाय लग्न लागलं, तेव्हा गावच्या जोशांनी दक्षिणा बुडाली म्हणून दावा लावला. प्रकरण कोर्टाच्या पायऱ्या चढत गेलं. म्हणजे मांडवातला करार टिकवायला कोर्ट लागलं. आणि कोर्ट कोणाचं? इंग्रजाचं. सरकार कशातून निघतं, त्याला आवर कोण घालतो, ते उलटलं तर काय करायचं, यावर ‘सार्वजनिक सत्यधर्म’ जवळजवळ गप्प आहे. हक्क निर्मिकाने दिले. ठीक. पण ते कोणी हिसकावले तर दार कोणाचं ठोठवायचं?

ज्या अमेरिकेला त्यांनी पुस्तक अर्पण केलं, तिथे त्याच वर्षी हा प्रश्न रक्ताने विचारला जात होता. एप्रिल १८७३, लुईझियाना राज्यातलं कोलफॅक्स. सशस्त्र गोऱ्यांनी डझनावारी कृष्णवर्णीयांना ठार मारलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, क्रुकशँक खटला, निकाल १८७६. काय म्हणालं न्यायालय? जीव आणि स्वातंत्र्य हे माणसाचे निसर्गदत्त हक्क आहेत, ते राज्यघटनेच्या आधीपासूनचे आहेत. वा! आणि म्हणून त्यांचं रक्षण केंद्र सरकारचं काम नाही, ते ज्या त्या राज्याने बघावं. दोषी ठरलेले सुटले. हक्क निसर्गाचा आहे, हेच हात झटकायचं कारण झालं.

बाबासाहेब अमेरिकेत शिकले होते आणि त्यांना या भाषेचा मोह नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना, अमेरिकेतले हक्क निरपवाद आणि आपले मात्र अटींनी बांधलेले, या टीकेला त्यांनी उत्तर दिलं: तिथलेही निरपवाद नाहीत, आणि मूलभूत हक्क ही कायद्याची, राज्याची देणगी आहे. जोतीरावांच्या शिष्याने, ज्याने त्यांना गुरू मानलं, त्याने निर्मिकाच्या जागी राज्य ठेवलं. मला हे जोतीरावांवरचं सगळ्यात कडक परीक्षण वाटतं, नाव न घेता केलेलं.

पण तेही पुरलं का? आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की हक्क बजावण्यासाठी न्यायालयात जाण्याचा मार्गच स्थगित आहे, तेव्हा बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. क्रुकशँकनंतर बरोब्बर शंभर वर्षं. तिकडे हक्क निसर्गाचा म्हणून राज्य बाजूला झालं, इकडे हक्क राज्याचा म्हणून राज्याने तो खिशात घातला. एकटे न्यायमूर्ती खन्ना म्हणाले की जीविताचा हक्क २१ व्या कलमाने जन्माला घातलेला नाही. बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात त्यांच्याच मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी, तो निकाल चुकीचा ठरवला आणि जीव नि स्वातंत्र्य हे माणसापासून वेगळे न करता येणारे हक्क आहेत, ती राज्याची कृपा नव्हे, असं लिहिलं. म्हणजे फिरून आपण ‘सार्वजनिक सत्यधर्मा’जवळच आलो, पण या वेळी हातात न्यायालयाचा शिक्का घेऊन. मात्र तो शिक्का मिळेपर्यंत ४१ वर्षं गेली, आणि १९७६ ला तुरुंगात होते त्यांना त्याचा काय उपयोग?

म्हणून हे पुस्तक मी पूजेला ठेवत नाही, वाचायला सांगतो. त्या चार धर्मांच्या घरात उद्या भावाने बहिणीला घराबाहेर काढलं तर तिने कुठे जायचं, ते जोतीराव सांगत नाहीत. तिला बाहेर काढायचा हक्क त्याला नाही, हे मात्र त्यांच्याइतकं स्वच्छ मराठीत तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वेळी ‘शेतकऱ्याचा असूड’ घेऊ, कारण तिथे सरकारवर ते बरंच बोलले आहेत आणि माझा आजचा आक्षेप तिथे थोडा ढिला पडतो. आता प्रश्न असतील तर घेऊ. हां, मागे त्या काकांचा हात कधीचा वर आहे.