टपरीवरची समीक्षा

जुन्या मराठी चित्रपटांवर आणि मालिकांवर आज कोण बोलतं? वर्तमानपत्रांतली जागा नव्या चित्रपटांनाच अपुरी पडते. जुन्याचा निवाडा होतो तो छत्रपती संभाजीनगर–जळगाव रस्त्यावरच्या फर्दापूरसारख्या गावांत: चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात. या बोलण्याला मी समीक्षाच म्हणतो, कारण पुढच्या पिढीपर्यंत काय पोचणार हे तिथंच ठरतं. म्हणून तिचे गुणदोषही मनापासून तपासायला हवेत.

तिचा मोठा गुण म्हणजे अभिनयाची पारख. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) पाहिलेला माणूस कोण किती थांबलं, कुणी कुणाचं वाक्य झेललं, ते हुबेहूब करून दाखवतो. तमाशातली बतावणी ऐकत घडलेला हा कान आहे. चित्रपटाचे लेखक वसंत सबनीस. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य आणि दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (1971) त्यांच्याच लेखणीतले. कथेचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये (1966) असलं, तरी विनोदाची चाल लोकनाट्याची आहे. प्रेक्षकाला ती नेमकी कळते. सबनीसांचं नाव मात्र त्याच्या बोलण्यात सहसा येत नाही. नट लक्षात राहतो आणि लेखक विसरला जातो, ही पहिली उणीव.

दुसरी उणीव तुलनेतली. ‘पूर्वीच्या मालिका काय होत्या!’ म्हणताना हमखास ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चं नाव निघतं. आटोपशीर भाग, तीन पिढ्यांचं घर, दिलीप प्रभावळकरांचे आजोबा: कौतुक रास्तच आहे. पण 2001 साली ‘टिपरे’ सुरू झाली त्याच वर्षी ‘चार दिवस सासूचे’ही सुरू झाली आणि तिने तीन हजारांहून अधिक भाग गाठले. कालचं उत्तम आणि आजचं सुमार समोरासमोर ठेवलं, तर निकाल आधीच लागलेला असतो.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. वाहिन्या जे पुन्हा पुन्हा दाखवतात, तेच आपल्याला ‘जुनं’ म्हणून आठवतं. लक्ष्मीकांत बेर्डे म्हटलं की विनोदी भूमिकांची यादी निघते. जब्बार पटेलांच्या ‘एक होता विदूषक’मधला (1992) बेर्डे क्वचितच कुणाला आठवतो. पु. ल. देशपांडे यांची पटकथा, तमाशातून सिनेमात आणि तिथून राजकारणात ओढला गेलेला कलावंत. बेर्डे यांच्या क्षमतेचं पूर्ण माप याच चित्रपटात मिळतं.

फर्दापूरकरांनी तर हा चित्रपट आपला म्हणावा. त्याची गाणी ना. धों. महानोरांची आहेत, आणि महानोरांचं पळसखेड फर्दापूरच्याच सोयगाव तालुक्यातलं. ‘जैत रे जैत’ची (1977) गाणीही त्यांचीच. त्यांच्या ‘अजिंठा’ या काव्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2012 साली चित्रपट केला. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करणारा रॉबर्ट गिल आणि पारो यांची ती कथा. देसाई मुळात कलादिग्दर्शक. त्यामुळे सजावट डोळ्यांत भरते आणि माणसं काहीशी मागे राहतात, असं माझं मत आहे. पण लेण्यांजवळचं वाघूर नदीचं खोरं रोज पाहणाऱ्या माणसाचा शेरा इथे माझ्या मतापेक्षा वजनदार ठरेल. डोंगर, बोली आणि माणसं खरी उतरली का, हे तोच सांगू शकतो.

या मतांना इतकं महत्त्व देण्याचं कारण जपणुकीत आहे. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग होत्या; कार्यक्रम पुसून त्यांच्यावर नवे कार्यक्रम भरले जात. त्यांतले कित्येक कार्यक्रम आता फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा (1913) आपल्याकडे अपुराच उरला आहे. जिथे फिती नाहीत तिथे प्रेक्षकाचा शब्द हाच पुरावा ठरतो, आणि ‘लई भारी होतं’ एवढ्या शब्दावर पुरावा उभा राहत नाही.

मराठी प्रेक्षकाची जाण पक्की आहे. तिला तपशिलाची जोड हवी. यापुढे जुन्या चित्रपटाचं कौतुक कराल तेव्हा नटाबरोबर लेखकाचं आणि गीतकाराचं नाव घ्या, नेमकं काय आवडलं ते सांगा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले, आता कुठेच न दिसणारे कार्यक्रम त्यांना विचारून वहीत उतरवून ठेवा.