केन्सशी वाद घालायचा तर नेमका कुठे? ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ वाचताना

पीएचडीची तयारी करणाऱ्यांचा एक नेहमीचा प्रश्न असतो: मोठ्या विचारवंताच्या विरोधात लिहिलं तर चालतं का? चालतं. फक्त तुमचा विरोध त्याच्या कुठल्या विधानाला आहे, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. हे कसं करतात ते बघायचं असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ वाचायला घ्या. १९२३ साली प्रसिद्ध झालेला हा त्यांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला डीएस्सीचा प्रबंध. समोर कोण, तर जॉन मेनार्ड केन्स. इंडिया ऑफिसात नोकरी केलेले, आणि १९१३ मध्ये भारतीय चलनावर आख्खं पुस्तक लिहिलेले.

आधी वाद काय होता ते बघू. १८९३ पर्यंत कुणीही टांकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होतं. त्या वर्षी सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या, स्वतःसाठी मात्र चालू ठेवल्या. पुढे रुपयाची दर्शनी किंमत आतल्या चांदीपेक्षा जास्त झाली आणि नाणी पाडण्यातला नफा सरकारकडे जाऊ लागला. परदेशी व्यवहारासाठी १ रुपया म्हणजे १ शिलिंग ४ पेन्स हा दर सांभाळला जायचा. पण देशात रुपया देऊन सोनं मागण्याचा हक्क कुणाला नव्हता. हे सुवर्ण विनिमय परिमाण. केन्स यांना ही व्यवस्था शहाणपणाची वाटत होती: दर स्थिर राहतो, मग लोकांच्या खिशात सोनं खेळवायचा खर्च कशाला?

आता आंबेडकर काय करतात ते नीट बघा. ‘केन्स वसाहतवादी आहेत, म्हणून चुकीचे’ असं ते म्हणत नाहीत. पुस्तकाची सात प्रकरणं आहेत आणि पहिली काही प्रकरणं निव्वळ इतिहासाची आहेत. ही व्यवस्था कुणी, कधी, कशी बदलली ते सगळं मांडून झाल्यावरच ते हल्ला करतात, आणि तो तीन ठिकाणी.

पहिला, मोजमापावर. रुपया स्थिर आहे हे तुम्ही लंडनमधल्या दरावरून ठरवता. पण रुपयाची खरी किंमत म्हणजे बाजारात त्याला काय मिळतं ती. दर जागेवर आणि महागाई वाढतेय, असं होऊ शकतं.

दुसरा, सत्तेवर. रुपये किती पाडायचे हे सरकार ठरवणार आणि पाडले की नफाही सरकारला. मग हात आवरणार कोण?

तिसरा, राखीव निधीवर. मला सगळ्यात धारदार वाटतो तो हा. संकटात रुपयाला आधार द्यायला जो निधी ठेवला, तो नवीन रुपये पाडण्याच्या नफ्यातूनच वाढतो. म्हणजे औषध साठवायचं तर आधी आजार वाढवायचा!

यातला प्रत्येक मुद्दा तपासता येतो. केन्सचं मोठेपण मान्य करूनही तो टिकतो किंवा पडतो.

पुस्तकाची प्रस्तावना चुकवू नका. ती लिहिलीय त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी, आणि त्यात ते सरळ सांगतात की या टीकेतला बराचसा भाग मला पटत नाही, बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत. तरी विचारांच्या ताजेपणाला ते दाद देतात आणि व्यवहारात साधं सुवर्ण परिमाणच बरं, असा कौल देतात. कारण राज्य चालवणाऱ्यांपैकी सुवर्ण विनिमयाची गुंतागुंत समजणारे फारच थोडे, त्यामुळे अज्ञानाने किंवा लबाडीने तिचा गैरवापर व्हायचा धोका मोठा. म्हणजे निष्कर्ष जुळतो, कारणं जुळत नाहीत. ‘गाइडला पटलं नाही तर संपलंच’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही दोन-तीन पानं जरूर वाचावीत.

पण पुस्तक बिनचूक आहे का? माझ्या मते नाही. निदान पक्कं आहे, उपाय कच्चा. चलनाला लगाम घालायला ते सोन्याकडे जातात. पण सोन्याची खरेदीशक्तीही बदलते आणि सोन्याची टंचाई झाली की किमती कोसळतात. १९३१ मध्ये ब्रिटननेच सोनं सोडलं आणि रुपया स्टर्लिंगला बांधलेला राहिला. सोनं गेलं, तरी दुसरा प्रश्न उरलाच: चलन काढणाऱ्याचा हात कोण धरणार? २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती करून महागाईचं लक्ष्य आणि पतधोरण समिती आणली गेली, तीही या प्रश्नाशी झुंजण्यासाठीच. उत्तर बदललं, प्रश्न तोच.

आपल्याकडे मात्र या पुस्तकाबद्दल एकच वाक्य फिरतं: ‘या ग्रंथावरून रिझर्व्ह बँक स्थापन झाली.’ हिल्टन यंग आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, त्या आयोगापुढे आंबेडकरांनी साक्ष दिली आणि १९३५ मध्ये बँक सुरू झाली, इतकं खरं. पण पुस्तकाचा मुख्य मुद्दा बँक नाहीच, चलनाची मर्यादा आहे. त्या एका वाक्याने पुस्तकाचा मान वाढतो असं वाटतं. प्रत्यक्षात ते न वाचण्याची सोय होते. दुसऱ्या बाजूला अर्थशास्त्राचे कितीतरी विद्यार्थी केन्स वाचतात आणि आंबेडकरांना फक्त राज्यशास्त्राच्या पेपरात भेटतात. दोन्हीकडे नुकसान तुमचंच आहे. व्यक्तिपूजेवर स्वतः बाबासाहेबांनी १९४३ च्या पुण्यातल्या रानडे व्याख्यानात कडक टीका केली होती, हेही लक्षात असू द्या.

तेव्हा प्रपोजल लिहिताना एक करा. ज्याच्याशी वाद आहे त्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत पाच ओळींत लिहा. मग वाद मोजमापाशी आहे, कारणाशी आहे की उपायाशी, ते एका ओळीत लिहा. ती एक ओळ जमत नसेल, तर लिटरेचर रिव्ह्यू अजून झालेला नाही असं समजा आणि परत वाचायला बसा.