कबरीवरचे नाव आणि नोंदवहीतला रिकामा रकाना : सैनिक-चरित्रांची चिकित्सा



परदेशातल्या एखाद्या खेड्याजवळच्या दफनभूमीत भारतीय सैनिकाची कबर आहे असे कळले, की तिच्यावर प्रकल्प करावासा वाटतो. मग काय केले जाते? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीतली नोंद उतरवून घेतली जाते, शिळेचे छायाचित्र जोडले जाते, युद्धाची सर्वसाधारण माहिती भरली जाते आणि दोन पानांचे चरित्र तयार होते. प्रस्तुत टिपणात अशा चरित्रलेखनाची चिकित्सा करायची आहे. आपला प्रश्न असा : कबरीवरून माणसाचे आयुष्य किती कळते, आणि जे कळत नाही ते कशामुळे?

माझे म्हणणे आधीच सांगतो. नोंदींमधल्या रिकाम्या जागा योगायोगाने राहिलेल्या नाहीत. ज्या कामासाठी नोंद ठेवली गेली, त्या कामाला जे लागत नव्हते ते विचारलेच गेले नाही. चरित्रकार या जागा विशेषणांनी बुजवतो तेव्हा तो माणूस दुसऱ्यांदा पुसला जातो.

१. उदाहरण : त्सेरेन्सडॉर्फ

बर्लिनच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर व्युन्सडॉर्फ आहे. त्याच्या शेजारी त्सेरेन्सडॉर्फ नावाचे खेडे होते. लष्करी सरावाच्या मैदानासाठी ते पहिल्या महायुद्धाच्या आधीच उठवले गेले. युद्ध सुरू झाल्यावर जर्मनांनी व्युन्सडॉर्फला युद्धकैद्यांची एक खास छावणी उभारली. तिचे नाव 'हाल्बमोंडलागर', म्हणजे अर्धचंद्र छावणी. ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन सैन्यांतल्या मुस्लिम कैद्यांना, आणि त्यांच्याबरोबर इतर भारतीय कैद्यांनाही, आपल्या बाजूला वळवावे हा तिचा हेतू होता. १९१५ मध्ये तिथे लाकडी मशीद बांधली गेली. भारतीय कैद्यांसाठी 'हिंदोस्तान' नावाचे वृत्तपत्र निघत असे. या प्रचाराचा फारसा उपयोग झाला नाही. थंडी आणि क्षय यांनी मात्र माणसे मरत राहिली. १९१७ मध्ये भारतीय कैद्यांना रुमानियात हलवण्यात आले. मेलेले मागे राहिले, उठवलेल्या खेड्याच्या रानात.

आज त्सेरेन्सडॉर्फच्या दफनभूमीत अविभाजित भारतातल्या २०६ जणांच्या कबरी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग सोव्हिएत लष्कराच्या ताब्यात गेला आणि कबरींची देखभाल अशक्य झाली. म्हणून १९६४ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नव्ह-शापेल येथील भारतीय स्मारकात एक कांस्यपट्ट बसवला गेला. त्यावर २१० नावे आहेत. १९९४ मध्ये रशियन सैन्य निघून गेल्यावर दफनभूमीची डागडुजी झाली आणि २००५ मध्ये ती पुन्हा खुली झाली. कांस्यपट्ट तिकडे फ्रान्समध्येच राहिला.

इथे थांबा. पट्टावर २१० आणि जमिनीत २०६. दोन्ही आकडे अधिकृत आहेत. ज्या चरित्रात या चार जणांचा प्रश्नच येत नाही, त्याने स्रोत उतरवून घेतला आहे, वाचलेला नाही.

२. शिळा मजकूर म्हणून वाचा

आयोगाची स्थापना १९१७ मध्ये शाही सनदेने झाली. फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ च्या अहवालात तत्त्व मांडले, की अधिकारी असो वा शिपाई, सर्वांची शिळा एकसारखी असावी. उंची सुमारे ८१ सेंटिमीटर, रुंदी ३८ सेंटिमीटर. ज्या काळात सेनापतीला पुतळा आणि शिपायाला सामायिक खड्डा मिळे, त्या काळाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती. तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

आता भारतीय सैनिकाची शिळा वाचू. तिच्यावर सेवाक्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि मृत्यूची तारीख असते. वरच्या भागात धर्माप्रमाणे अरबी, गुरुमुखी किंवा देवनागरी लिपीत एक ओळ असते. माणसाचे नाव मात्र रोमन लिपीत. म्हणजे देवाचे नाव सैनिकाच्या लिपीत आणि सैनिकाचे नाव कारकुनाच्या लिपीत. हे नाव कुणाच्या तरी कानाने ऐकून लिहिलेले आहे. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल', 'ठ' आणि 'थ' यांतला फरक रोमन लेखनात टिकत नाही. तमिळ, पंजाबी, गढवाली किंवा मराठी नाव या वाटेने गेले की परत आपल्या लिपीत आणताना दोन-तीन पर्याय तयार होतात. चरित्रकार त्यातला एक निवडतो आणि निवडल्याचे सांगत नाही.

आणखी एक फरक पाहा. ब्रिटिश सैनिकाच्या कुटुंबाला शिळेच्या तळाशी जास्तीत जास्त ६६ अक्षरांची स्वतःची ओळ कोरून घेता येत असे. इंग्लंडमधल्या आईने निवडलेले शब्द त्यामुळे आजही वाचता येतात. भारतीय शिळांवर कुटुंबाची अशी ओळ सहसा नसते. शिळांचा आकार सारखा आहे. त्यांवर बोलण्याची संधी सारखी नव्हती.

३. रकाना रिकामा का असतो?

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना डेटाबेस शिकवतो. त्यात 'नल' नावाची संकल्पना असते, म्हणजे रकान्यात काहीच नसणे. वर्गात मी सांगतो, की 'नल'चे किमान तीन अर्थ होऊ शकतात : माहिती उपलब्ध नाही, माहिती या नोंदीला लागू नाही, किंवा माहिती विचारलीच नाही. तक्त्यात तिन्ही सारखेच दिसतात. अर्थ ठरवायचा तर तक्ता कुणी आणि कशासाठी बनवला, हे पाहावे लागते.

युद्धकबर नोंदवहीतले भारतीय सैनिकाचे वय पुष्कळदा रिकामे असते. ब्रिटिश सैनिकाच्या घरी पडताळणीचा छापील नमुना जाई आणि त्यात घरच्यांनी वय, आई-वडिलांची नावे, पत्ता भरावा अशी अपेक्षा असे. भारतीय सैनिकाची माहिती मुख्यतः लष्करी कागदांवरून आली. त्यामुळे 'अमक्याचा मुलगा, तमके गाव, तमका जिल्हा' एवढे मिळाले तरी पुष्कळ. तिसऱ्या प्रकारचे 'नल' ते हेच.

याचे सर्वांत मोठे रूप बसरा स्मारकात दिसते. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांचे हे स्मारक १९२९ मध्ये उघडले गेले. भारतीय पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावे तिथे कोरली गेली. साध्या शिपायांची पलटणवार फक्त संख्या दिली गेली. मराठी वाचकाला हे जवळून लागते, कारण २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्या कूत-अल-अमाराच्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २०२१ मध्ये आयोगाच्याच विशेष समितीने मान्य केले, की पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांची, मुख्यतः भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन सैनिकांची व मजुरांची, स्मृती असमान रीतीने जपली गेली. आणखी किमान १,१६,००० जणांची नावानिशी नोंदच झाली नाही आणि हा आकडा ३,५०,००० पर्यंत असू शकतो.

म्हणजे त्सेरेन्सडॉर्फची कबर ही तुलनेने भाग्यवानाची कबर आहे. हे वाक्य प्रत्येक चरित्रात कुठेतरी यायला हवे.

४. शत्रूची नोंद

त्सेरेन्सडॉर्फचे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण तिथल्या माणसांविषयी दुसरी एक नोंदही आहे. १९१५ ते १९१८ या काळात विल्हेल्म डोगेन यांच्या पुढाकाराने प्रशियाच्या ध्वनिमुद्रण आयोगाने छावण्यांतल्या कैद्यांचे आवाज मुद्रित केले. जगातल्या भाषांचा संग्रह करणे हा हेतू होता. ही मुद्रणे आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत. प्रत्येक मुद्रणाबरोबर एक व्यक्तिपत्रक भरले जाई : जन्मगाव, शिक्षण, धंदा, मातृभाषा, येणाऱ्या इतर भाषा, वाचता-लिहिता येते का, वाद्य वाजवता येते का.

या पत्रकात कबरीपेक्षा कितीतरी जास्त आयुष्य आहे, हे उघड आहे. पण तेही निर्दोष नाही. अभ्यासकांना कैदी माणूस म्हणून नको होता, नमुना म्हणून हवा होता. काय बोलायचे ते बहुधा आधी लिहून ठरवले जाई. तरीही फिरोजपूर जिल्ह्यातल्या मल सिंग या शिपायाने ११ डिसेंबर १९१६ ला त्या कर्ण्यात जे सांगितले, ते ऐकण्यासारखे आहे. तो स्वतःबद्दल तृतीयपुरुषी बोलतो : एक माणूस होता, देशात लोणी खायचा, इंग्रजांच्या नोकरीत गेला, युरोपच्या लढाईत सापडला, जर्मनांनी पकडला, त्याला घरी जायचे आहे. फिलिप शेफनर यांनी २००७ मध्ये केलेला 'द हाफमून फाइल्स' हा माहितीपट याच आवाजांच्या मागावर निघतो. अशा मुद्रणातला माणूस आणि कबरीतला माणूस एकच असेल असे धरून चालू नका. पण त्याच कुंपणाआड माणसे कशाबद्दल बोलत होती, हे यातून कळते. त्या बोलण्यात शौर्य नाही. दूध, लोणी आणि घर आहे.

५. चरित्रांतले तीन दोष

पहिला दोष विशेषणांचा. 'मातृभूमीसाठी प्राणार्पण केले' हे वाक्य १९१६ मध्ये जर्मनीतल्या छावणीत मेलेल्या शिपायाबद्दल कशाच्या आधारावर लिहायचे? तो पगारासाठी गेला असेल, घराण्याच्या रीतीने गेला असेल, भरतीच्या दबावाखाली गेला असेल. नोंद एवढेच सांगते : 'तो अमुक तारखेला कैदेत मरण पावला. मृत्यूचे कारण नोंदवहीत नाही.' हे वाक्य कोरडे आहे, पण त्यात त्या माणसाला कुणी आपल्या भाषणासाठी वापरलेले नाही.

दुसरा दोष ओळखीच्या घाईचा. सेवाक्रमांक हा फक्त त्या पलटणीपुरता वेगळा असतो. त्यामुळे क्रमांक आणि पलटण मिळूनच एक माणूस ओळखता येतो. नुसत्या नावावर भरवसा ठेवला तर एका सिंगाच्या किंवा खानाच्या आयुष्यात दुसऱ्याचे गाव येऊन बसते.

तिसरा दोष कबरीपाशी थांबण्याचा. कबर ही सैनिकाच्या मरणाची जागा दाखवते. त्याचे आयुष्य बहुतेक सगळे गावात गेलेले असते. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातल्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदवह्या दशकानुदशके पडून होत्या. २०२१ पासून त्या संगणकावर येऊ लागल्या, तेव्हा शोधाची दिशाच उलटली, कारण तिथे गाव हीच पहिली किल्ली आहे. महाराष्ट्रात आणि देशात इतरत्रही अनेक गावांत 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके कामास आले' अशा संगमरवरी पाट्या आहेत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जण त्या युद्धात गेले असे सांगितले जाते. अशा पाटीवर बहुधा आकडा असतो, नावे नसतात. परदेशातल्या शिळेवर नाव असते, गाव नसते. या दोन दगडांमधले अंतर भरून काढणे हेच चरित्रकाराचे खरे काम आहे.

हे काम उशिराही होऊ शकते. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकड्यांवर ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले, तिथे १९२१ मध्ये छत्री उभी राहिली. त्या माणसांची नावे दगडावर कोरली गेली ती २०१० मध्ये. कुणीतरी यादी पुन्हा तपासायला घेतली, म्हणून हे झाले.

६. विचार करा

अ) नोंदवहीतली कोणतीही एक भारतीय नोंद घ्या. तिच्यातला प्रत्येक रिकामा रकाना वर सांगितलेल्या तीन 'नल'पैकी कोणता, हे कारणासह लिहा.

आ) त्याच सैनिकाचे नाव तुमच्या मातृभाषेच्या लिपीत लिहिण्याचे सर्व संभाव्य पर्याय द्या. कोणता निवडला आणि का, ते सांगा.

इ) तुमच्या तालुक्यात महायुद्धाची पाटी असेल तर तिचा मजकूर जसाच्या तसा उतरवा. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्या आकड्यातले एक तरी नाव मिळते का पाहा. मिळाले तर कुणी सांगितले, ते कोणत्या नात्याने, हेही टिपून ठेवा. ती टिपणी पुढच्या शोधकाला तुमच्या निष्कर्षापेक्षा जास्त उपयोगी पडेल.