संगीत बारी आणि बैठकीच्या लावणीचे जतन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
लोककलेच्या जतनाचा विचार करताना महोत्सव, पुरस्कार व ध्वनिमुद्रण यांचा उल्लेख प्रामुख्याने होतो. ग्रामीण व निमशहरी महाराष्ट्रातील कलाकेंद्रांचा उल्लेख मात्र संकोचाने केला जातो. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, चौफुला, मोडनिंब यांसारख्या ठिकाणी संगीत बारीने लावणी कशी टिकवली, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन :
ढोलकी फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी व वग असतो. संगीत बारीत वग नसतो; गायन, नृत्य व अदाकारी हेच तिचे सर्वस्व होय. बैठकीच्या लावणीत कलावंत बसून एकच ओळ पुनःपुन्हा आळवते आणि दर वेळी नजर, भुवई, हात यांतून निराळा भाव प्रकट करते. तबला, पेटी व ढोलकी तिच्या लयीशी संवाद साधतात. हा विस्तार समोरच्या जाणकाराच्या प्रतिसादावर अवलंबून असतो. त्यामुळे ध्वनिमुद्रित गीतावरील समूहनृत्यात ठेका व नऊवारी उरते. अदाकारीला मात्र अवकाश मिळत नाही.

कलाकेंद्रात पार्ट्या मुक्कामी असतात. थोरल्या बहिणी, मावश्या यांच्याकडून धाकट्या मुली पाहून, ऐकून शिकतात. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु अशा सन्मानामागील शिक्षणाला कोणताही अभ्यासक्रम नव्हता.

तथापि, या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली व पुढे सुधारणेच्या अटीवर ती उठवली. कला शुद्ध करावी, कलावंत स्त्री मात्र दूर ठेवावी, ही वृत्ती तेव्हापासून आजतागायत दिसते. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) हे आत्मकथन या कलेची किंमत कोणी मोजली हे दाखविते. शर्मिला रेगे यांनीही लावणी कलावंत स्त्रियांचा विचार जात, लिंगभाव व श्रम यांच्या संदर्भात केला आहे. दौलतजादेवर जगणाऱ्या स्त्रीला कलेची निवड करण्याचे स्वातंत्र्य कितपत असते, हा प्रश्न जतनाच्या चर्चेत टाळता येत नाही.

निष्कर्ष :
कलाकेंद्राने लावणीचा आत्मा जपला, पण तो स्त्रियांच्या असुरक्षित श्रमावर. महोत्सवाने प्रतिष्ठा दिली, पण ती बहुधा नृत्याला. ते जपणाऱ्या घराण्यांना नव्हे. म्हणून ज्येष्ठ कलावंतांना मानधनासह गुरुपद देणे आणि त्यांच्या मुलींना ही कला स्वीकारण्याचा तसाच नाकारण्याचाही अधिकार असणे, हीच जतनाची खरी कसोटी होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.