मोटारीतले प्रवासवर्णन

ग्रंथास प्रस्तावना मागावयास येणाऱ्या लेखकाच्या मनात थोडीबहुत स्तुतीची अपेक्षा असते, आणि ती पुरविणे हे प्रस्तावनाकाराचे सौजन्य समजले जाते. आज आमच्यापुढे जे हस्तलिखित आहे त्याच्या बाबतीत हे सौजन्य आम्हांस साधले नाही. लेखक आमचा जुना विद्यार्थी. नोकरीच्या निमित्ताने तो काही वर्षे चीनमधील चेंगदू शहरी राहिला. परदेशचा परवाना त्या देशात चालत नाही, म्हणून तेथील परीक्षा देऊन त्याने तेथलाच परवाना मिळविला. आणि एका शरदृतूत, स्वतः मोटार हाकीत, तो सेचुआन प्रांताच्या पश्चिमेस असलेल्या खाम या डोंगराळ तिबेटी मुलखात दहा दिवस हिंडून आला. त्या प्रवासाचे हे वृत्त. प्रस्तावनेऐवजी आम्ही ही समीक्षा लिहीत आहोत ती त्याच्या संमतीने. कारण त्याच्या लेखनातील दोष त्याच्या एकट्याचा नाही.

मार्ग थोडक्यात असा: चेंगदूहून यान, तेथून कांगडिंग, पुढे ४,२९८ मीटर उंचीची झेदुओ खिंड, मग सुमारे चार हजार मीटरांवरील लिथांग, दक्षिणेस दाओचेंग आणि शियांगचेंग, आणि अखेरीस युन्नान प्रांतातील शांग्रिला. यातील लिथांगपर्यंतची वाट ही शांघायपासून नेपाळच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या, पाच हजार किलोमीटरांहून लांब अशा ३१८ क्रमांकाच्या महामार्गाचा भाग आहे. स्वतःची मोटार घेऊन या मार्गाने जाणे ही आज चीनमधील तरुणांची एक मोठी हौस होऊन बसली आहे.

लेखकाची भाषा स्वच्छ आहे, निरीक्षण चुकीचे नाही. तरीही पहिली शंभर पृष्ठे वाचून झाल्यावर आम्ही स्वतःस विचारले की, या मजकुरात कोणी मनुष्य भेटला काय? खिंडींच्या उंच्या भेटल्या, पेट्रोलचा हिशेब भेटला, बोगद्यांची लांबी भेटली, मेघ आणि हिमशिखरे तर पानोपानी भेटली. गावे मात्र केवळ मुक्कामाच्या जागा म्हणून आली. कांगडिंगविषयी त्याने लिहिले आहे ते इतकेच की, गावातून नदी मोठा आवाज करीत वाहते आणि खाणावळीत मोटार ठेवण्यास जागा मिळाली नाही.

ज्या गावास तिबेटी लोक दार्त्सेदो म्हणतात, ते हे कांगडिंग. शतकानुशतके चीनचा चहा आणि तिबेटची जनावरे, लोकर, कस्तुरी यांची देवघेव येथे होत असे. यानकडील चहाच्या विटा माणसांच्या पाठीवरून डोंगर चढून येथवर येत, आणि येथे कातड्यात शिवून याकांच्या पाठीवर लादल्या जात. अर्नेस्ट विल्सन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०८ साली अशा दोन हमालांचे छायाचित्र घेतले. एकाच्या पाठीवर ३१७ पौंड आणि दुसऱ्याच्या पाठीवर २९८ पौंड ओझे असल्याची नोंद त्याने केली आहे. उभ्या उभ्या ओझे टेकविता यावे म्हणून त्यांच्या हाती आडव्या मुठीची काठी असे. आमच्या लेखकाने हीच चढण अर्ध्या दिवसात पार केली. यात त्याचा अपराध नाही; पण ज्या वाटेवर इतकी माणसे वाकून गेली त्या वाटेने जाताना त्यांची आठवणसुद्धा होऊ नये, ही उणीव ज्ञानाची नसून लक्षाची आहे.

कोणी म्हणेल, मग काय साऱ्यांनी पायीच जावे? आमचे तसे मुळीच म्हणणे नाही. अलेक्झांड्रा डेव्हिड-नील ही विदुषी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १९२४ साली, भिकारी यात्रेकरूच्या वेषात युन्नानच्या बाजूने चालत ल्हासेस पोहोचली. तिच्या ग्रंथाचे मोल तिच्या पायपिटीत आहे असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते ते तिच्या वेषात आहे. भिकाऱ्यास दार ठोठवावे लागते. आणि दार ठोठावल्यामुळेच त्या घरातली चूल, घरधन्याचा संशय आणि घरधनिणीची दया तिला दिसली. विक्रम सेठ हे नानजिंग येथे विद्यार्थी असता १९८१ साली शिंच्यांग आणि तिबेट ओलांडून नेपाळमार्गे स्वदेशी परतले, ते बव्हंशी मालमोटारींत जागा मागून. चाके तीच, रस्ताही घाटाचाच. परंतु गाडी दुसऱ्याची होती. हाकणारा थांबेल तेथे थांबावे, तो बोलेल ते ऐकावे, तो रुसला तर गप्प बसावे! १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात जी ऊब आहे ती या परावलंबनातून आली आहे. उलट, स्वतःची मोटार हाकणारा कोणाचेच देणे लागत नाही. त्याची शेज, त्याचा शिधा, त्याची वाट सांगणारे यंत्र, सारे त्याच्याजवळ. हे स्वातंत्र्य प्रवाशास सुखाचे असेल. प्रवासवर्णनास ते घातक आहे.

हे आम्ही निव्वळ तर्काने म्हणत नाही. याच हस्तलिखितात एक पान असे आहे की, त्यासाठी बाकीची सर्व पाने आम्ही क्षमेस पात्र मानतो. झेदुओ खिंडीपलीकडे उतारावर अवेळी बर्फ पडले, चाके फिरेनात, आणि लेखकास रस्त्याकडेच्या एका घरी दुपारपर्यंत बसावे लागले. घरातील वृद्धेने त्याच्यापुढे लोण्याचा खारट चहा ठेवला. दोन घोट घेतले की ती पुन्हा वाटी काठोकाठ भरी. वाटी रिकामी दिसू देणे तिला अपमानाचे वाटे, आणि टाकून देणे त्याला. या लढाईत तो हरला, आणि ती तोंडावर हात ठेवून हसली. मग तिच्या नातवाच्या मदतीने तिने विचारले, तुझे गाव येथून किती दिवसांच्या वाटेवर आहे? लेखक लिहितो, "मला किलोमीटर सांगता आले असते. दिवस सांगता येईनात." या दोन वाक्यांत जो प्रवास आहे तो अन्य कोठेही नाही. आणि तो घडला केव्हा? मोटार बंद पडली तेव्हा.

येथून पुढे मात्र बर्फ वितळले, आणि लेखकही पूर्ववत् झाला. शेवटच्या प्रकरणात शांग्रिला गावाचे नाव ऐकून त्याला आनंदाचे भरते आले आहे. या नावाची कथा त्याने शोधली असती तर तो थबकला असता. जेम्स हिल्टन याने १९३३ साली आपल्या कादंबरीत शांग्रिला नावाचे एक अमर शांतीचे खोरे कल्पिले. त्याने तिबेट कधी पाहिलाच नव्हता. या परक्या स्वप्नाचे नाव २००१ साली झोंगदियन या खऱ्या गावास अधिकृतपणे देण्यात आले, हेतू हा की प्रवासी यावेत. प्रवासी आले. तिबेटी लोकांचे ग्याल्थांग हे नाव पाहुण्यांस ठाऊकही नसते. २०१४ च्या जानेवारीत तेथील जुन्या वस्तीतील दोनशेहून अधिक घरे आगीत जळाली. जेथे लोकांची घरे जळतात ते स्थळ कादंबरीतले नसते.

याच्या जोडीस लिथांग ठेवून पाहावे. सहाव्या दलाई लामांच्या एका कवितेत लिथांगास जाऊन परत येण्याचा उल्लेख आहे. १७०६ साली ते वारल्यावर लोकांनी त्या ओळींत पुनर्जन्माचा संकेत वाचला, आणि १७०८ साली लिथांग येथे जन्मलेले बालक पुढे सातवे दलाई लामा झाले. तेथेही शब्दांनीच गावाचे भाग्य बदलले. पण ते शब्द त्या भूमीचे होते आणि त्यांचा अर्थ लावणारेही तिचेच होते. आमचा लेखक या दोन्ही गावी राहिला आणि दोहोंविषयी त्याने सारखेच लिहिले आहे: आकाश निळे होते.

वाङ्मय हे निरुपद्रवी असते असे समजणाऱ्यांनी झोंगदियनकडे पाहावे. प्रवासवर्णन वाचून लोक प्रवासास निघतात, आणि जे वाचले तेच पाहावयास मागतात. गाव मग ते विकावयास बसते. म्हणून न थांबता लिहिणाऱ्याची चूक त्याच्या पुस्तकापुरती राहत नाही.

इतके लिहून झाल्यावर एक गोष्ट लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही गढवालची यात्रा केली तेव्हाची वही आम्ही परवा काढून पाहिली. तीतही आकाश निळेच आहे. रुद्रप्रयागास तापात तीन दिवस ज्या घरी आम्ही पडून होतो, त्या घरच्या माणसांचे नाव तीत कोठेही नाही, आणि आता आठवतही नाही.

हस्तलिखित आम्ही परत धाडले आहे. त्या वृद्धेच्या पानावर खूण केली आहे, आणि पुस्तक तेथून पुन्हा लिहावे अशी सूचना केली आहे. विद्यार्थ्याचे उत्तर कालच आले. त्या बाईंचे नाव त्याने विचारले होते, ते त्याच्या टिपणात आहे. छापण्याजोगे न वाटल्यामुळे त्याने ते गाळले होते. आता ते पहिल्याच पानावर घालतो म्हणतो. तसे झाले की प्रस्तावना आम्ही आनंदाने लिहू.