कार्डाची दुसरी बाजू

दिवाळीच्या आधी माळा आवरायचा, जुन्या ट्रंका उघडायच्या आणि नको ती रद्दी बाहेर काढायची, हा आपल्या घरोघरचा रिवाज. या आवराआवरीत कधी कधी तारेला ओवलेली जुनी कार्डे निघतात. कोणी वडीलधारे त्यातली दोन-चार वाचतात, जरासे हसतात, आणि ती तार रद्दीच्या ढिगावर जाते. मौज अशी, की याच जातीचा कागद, पण एका अंगाला चित्र असलेला, आज संग्राहक हौसेने जमवतात. त्याची प्रदर्शने भरतात, त्याच्यावर ग्रंथ निघतात. चित्राचे कार्ड रत्न ठरते आणि मजकुराचे कार्ड रद्दी. हा निवाडा बरोबर आहे काय?

या विषयावरचा सर्वात देखणा ग्रंथ म्हणजे ओमर खान यांचा ‘पेपर ज्युवेल्स’. 2018 साली अहमदाबादच्या मॅपिन प्रकाशनाने तो काढला. इंग्रजी अमदानीतल्या हिंदुस्थानची चित्रकार्डे शहरवार लावून, ती कोणी काढली, कोठे छापली, याचा खान यांनी चिकाटीने माग काढला आहे. ‘कागदी रत्ने’ या नावातच त्यांची दृष्टी दिसते. ज्याला कोणी कला म्हणत नव्हते आणि इतिहासाचे साधनही मानत नव्हते, त्या वस्तूकडे त्यांनी आदराने पाहायला लावले. हे ऋण मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

कार्डाचा जन्म 1869 सालचा, ऑस्ट्रिया-हंगेरीतला. आपल्याकडे ते 1879 च्या जुलैत आले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. चित्रकार्डांचा खरा बहर पुढचा, साधारणपणे 1900 ते 1914 या काळातला. आरंभी कार्डाची एक बाजू निव्वळ पत्त्यासाठी राखलेली असे. मजकूर लिहायचा तो चित्राच्या कडेला, उरलेल्या जागेत. इंग्लंडात 1902 साली पत्त्याच्या बाजूवर मधोमध रेघ आली आणि डावीकडचा अर्धा भाग मजकुराला मोकळा झाला. संग्राहक कार्ड आधी उलटे करून पाहतो, तो ही रेघ शोधण्यासाठी.

काळ ओळखण्याच्या खुणा चित्रातही असतात. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचे कार्ड घ्या. हॉटेल 1903 साली सुरू झाले आणि गेटवे ऑफ इंडिया पुरे झाले 1924 साली. कार्डावर ताज आहे, पण समोर कमान नाही, तर ते चित्र या दोन सालांच्या मधले. रस्त्यावर घोड्यांची ट्राम असेल तर काळ 1874 नंतरचा. वर विजेच्या तारा असतील तर 1907 च्या अलीकडचा, कारण त्या वर्षी विजेची ट्राम धावू लागली. काळा घोडा आपल्या जागी उभा असेल तर चित्र 1965 च्या आधीचे. मात्र एक सावधगिरी हवी. प्रकाशक एकच छायाचित्र वर्षानुवर्षे छापून विकत. टपालाचा शिक्का कार्ड कधी गेले ते सांगतो, चित्र कधी काढले ते सांगत नाही.

इमारतींची साक्ष अशी बरीचशी भरवशाची असते. माणसांची तशी नाही. या कार्डांत धोबी आहे, भिस्ती आहे, न्हावी आहे, आया आहे. पण त्यांना नाव नाही. खाली फक्त धंदा किंवा जात छापलेली. पुष्कळ चित्रे स्टुडिओच्या पडद्यापुढे, सांगितलेल्या पवित्र्यात काढलेली. भिस्ती पखाल घेऊन उभा आहे, पण तो कोणाच्या दारी पाणी घालतो आहे, असे दिसत नाही. बरे, यातली असंख्य कार्डे छापली जात जर्मनीत. लुगड्याला रंग चढवणाऱ्या तिथल्या कारागिराने लुगडे कधी पाहिलेलेही नसेल. तेव्हा त्या रंगावरून आपल्या आजीच्या काळची आवड ठरवू गेल्यास फसगत व्हायची. मालेक अलुला या अल्जीरियन लेखकाने 1981 साली आपल्या देशातल्या बायकांच्या फ्रेंच चित्रकार्डांवर एक तिखट पुस्तक लिहिले. पैसे देऊन आणलेल्या बायका स्टुडिओत बसवून त्यांनाच अंतःपुर म्हणून कसे विकले, ते त्याने दाखवले. आपली कार्डे सरसकट त्या पंगतीला बसवणे अन्यायाचे होईल. पण ती विकत घेणारा बहुधा साहेब होता आणि पाहणारे डोळे विलायतेत होते, हे विसरूनही चालणार नाही.

मग याला अपवाद नाही का? आहे, आणि तो आपल्या घरचा आहे. कोल्हापुरात 1867 साली जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तिथेच शिक्षक झालेले म. वि. धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कार्डांसाठी चित्रे काढली. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे त्यांनी रोज पाहिलेली. त्यामुळे लुगड्याची नेसण, चालण्याची ऐट, नजरेतला मिस्किलपणा सारे ओळखीचे वाटते. इथे धंद्याचा नमुना नाही, माणूस आहे. त्यांच्या एका कार्डाचे इंग्रजी नाव मराठीत सांगायचे तर ‘नखरेल मोलकरीण’. चित्र गोड आहे, यात शंका नाही. पण नखरा तिचा, की पाहणाऱ्याच्या मनातला? तिला विचारले असते तर तिने कदाचित पाण्याच्या घागरींचा हिशेब सांगितला असता. कौतुकाची नजर झाली तरी ती नजरच, आणि तीही पांढरपेशा पुरुषाची. धुरंधरांचे मोठेपण याने उणे होत नाही. चित्रकार्ड रोजच्या आयुष्याला किती जवळ नेते आणि कोठे थांबते, एवढेच यातून कळते.

जिथे चित्र थांबते तिथून मजकूर सुरू होतो, आणि म्हणून मला ती रद्दीतली तार महत्त्वाची वाटते. एका पैशाच्या कार्डावर आपल्या माणसांनी काय लिहिले? ‘साष्टांग नमस्कार वि. वि.’पासून ‘लोभ असावा’पर्यंतच्या जागेत पावसाची खबर, म्हशीचे दूध, मुलाची परीक्षा, मुलीच्या स्थळाची चौकशी आणि मनिऑर्डर पोचल्याची पावती. जागा संपली की कडेने आडव्या ओळी. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शकेल अशा उघड्या कागदावर काय लिहायचे आणि काय गाळायचे, याचे एक शहाणपण त्या अक्षरांत असते. या माणसांना नावे आहेत. ती कोणापुढे पवित्रा घेऊन उभी नाहीत.

अर्थात हाही दप्तरखाना अपुराच. मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड घरात ठेवायचे नाही, वाचून फाडून टाकायचे, अशी आपली चाल होती. हळदकुंकू लावलेली लग्नाची पत्रे उरली, ती कार्डे गेली. त्यामुळे तारेवरच्या आयुष्यात बारशी आणि लग्ने पुष्कळ, मरण मात्र जवळजवळ नाही. एखाद्या आत्याचे नाव पत्रांतून येईनासे होते, तेवढ्यावरून समजायचे. चित्रकार्डांत प्रकाशकाने काय दाखवले नाही ते शोधावे लागते. इथे घराने काय ठेवले नाही ते. दोन्हीकडे पोकळ जागाही वाचता आली पाहिजे.

म्हणून ‘पेपर ज्युवेल्स’ जरूर पाहावे. पण ते मिटल्यावर आपला माळाही पाहावा. परक्यांनी आपल्याला कसे पाहिले, याचा संग्रह जगातल्या हौशी माणसांनी जतन केला आहे. आपण आपसांत काय बोललो, याचा संग्रह करायला दुसरा कोणी येणार नाही. यंदाच्या साफसफाईत ती तार हाताला लागली, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवावे आणि एकेक कार्ड मोठ्याने वाचावे. कोण कोणाचे ते सांगणारे माणूस आहे तोवरच ती कार्डे बोलकी आहेत.